कृष्णातचं ॲव्हरेज

कृष्णात माझा चुलतभाऊ. भावकीतल्या माणसाबद्दल चारचौघांत वाईट बोलू नये म्हणतात, पण चांगलं बोलावं असं त्यानं काही शिल्लकच ठेवलेलं नाही, त्याला मी काय करणार? वयानं थोरला आहे म्हणून तोंडावर दादा म्हणतो. लिहिताना ती सक्ती नाही.

आमचं गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. ऊस भरपूर, पाणी भरपूर आणि रिकामा वेळ त्याहून भरपूर. कृष्णातचे पूर्वी दोन ट्रक होते. हंगामात कारखान्याला ऊस, एरवी चिपळूणकडं सिमेंट. ट्रक त्यानं स्वतः फारसे कधी चालवले नाहीत, त्यानं चालवले ते ड्रायव्हर. ट्रक दारात आला की हा खुणा केलेली वेळूची काठी घेऊन टाकीजवळ उभा. झाकण काढायचं, काठी बुडवायची, डिझेलची ओली खूण कुठवर आली ते बघायचं आणि मग ड्रायव्हरच्या आईबापाचा उद्धार सुरू. त्याच्या डोक्यात दोनच गोष्टी पक्क्या बसल्या होत्या. चढ म्हणजे तोटा, आणि उताराला जो गाडी न्यूट्रलवर टाकत नाही तो ड्रायव्हर चोर. भरलेला ट्रक कुंभार्ली घाटात न्यूट्रलवर सोडायला लावणारा हा शूर मालक त्या वेळी घरात बाजेवर पडलेला असायचा.

पुढं त्यानं ट्रक विकले आणि हायब्रिड गाडी घेतली. सात माणसं ऐसपैस बसतील अशी, पांढरी, दांडगी, आमच्या बोळात वळताना कुणाच्या तरी ओट्याचा कोपरा घेऊन जाणारी. घरात माणसं दोन, तो आणि त्याची बायको मनुबाई. पोरगा जयराज पुण्याला, तो दिवाळीला येतो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

शोरूममधल्या मुलीनं त्याला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, मी सोबत होतो. गाडीला पेट्रोलचं इंजिन आहे, शिवाय बॅटरीवर चालणारी मोटर आहे. हळू जाताना मोटर ओढते, जोर लागला की इंजिन मदतीला येतं. ब्रेक मारला किंवा गाडी उताराला लागली की चाकांच्या फिरण्यातूनच बॅटरी पुन्हा भरते, म्हणजे चढाला गेलेलं थोडंफार उतारावर परत मिळतं. फक्त उताराला न्यूट्रल करू नका, न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही, हे तिनं दोन-दोनदा सांगितलं. कृष्णात तिच्याकडं न बघता सीटचं कातडं चाचपत होता. दोन ट्रक पळवलेत आमी, न्यूट्रल आमाला शिकवू नगा, एवढं म्हणून त्यानं त्या पोरीला गप्प केलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. याला घाटाचाही पुरला नसता.

काठी गेली आणि तिच्या जागी स्टिअरिंगजवळचा पडदा आला. पडद्यावर ॲव्हरेजचा आकडा. टाकी भरली की तो नव्यानं सुरू व्हायचा आणि मग कृष्णातचा सगळा संसार त्या आकड्यावर चालायचा. लिटरला बावीस पडलं तर चहा पाजायचा, वीस पडलं तर जेवायचा नाही. एसी लावायचा नाही, त्यानं ॲव्हरेज पडतं. काचा उघडायच्या नाहीत, वाऱ्यानं ॲव्हरेज पडतं. मधे वैशाखातल्या लग्नाला आम्ही त्या गाडीतून गेलो आणि मांडवात पोचेपर्यंत उकडलेल्या भुईमुगासारखे झालो. वजन नको म्हणून त्यानं स्टेपनीसुद्धा काढून गोठ्यात ठेवली. गाडीत बसणाऱ्याकडं तो असा बघायचा की जाडजूड माणसाला आपल्या अंगाची लाज वाटावी.

आणि एवढं करून हा गाडी दिवसभर हिंडवायचा. आकडा दाखवायचा तर गाडी चालायला नको? कोथिंबिरीच्या जुडीसाठी इस्लामपूर. दाढी करायला आष्टा. गावात चावडीपर्यंत चालत जाणं त्यानं सोडलंच. पेट्रोल किती वाचतं हे दाखवायला इतकं पेट्रोल जाळलेला दुसरा माणूस या जिल्ह्यात नसेल. दात कोरून पोट भरत नाही असं मी त्याला एकदा म्हणालो, तर त्यानं मला पडद्याचा फोटो पाठवला.

सांगलीच्या जवाहरशेठकडंही तीच गाडी होती. हे हळदीचे व्यापारी, जैन, बोलायला गोड माणूस. दिवाळीत दोघांची कुठल्याशा पंपावर गाठ पडली आणि थट्टेत पैज लागली. गुढीपाडव्यापर्यंत ज्याचं ॲव्हरेज बावीसच्या खाली येणार नाही त्याला दुसऱ्यानं श्रीखंड-पुरीचं जेवण घालायचं. जवाहरशेठ सांगली-मिरज सपाट रस्त्यानं जाणारे-येणारे. कृष्णातनं मात्र ही पैज एखाद्या व्रतासारखी धरली.

आता मनुबाईवहिनींचं सांगतो. त्यांचं माहेर पाटणच्या वर, सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या वाडीत, जिथं पवनचक्क्या फिरतात तिथं. रस्ता सगळा चढाचा आणि वळणांचा. त्यांची आई बयाबाई दिवाळीपासून अंथरुणाला खिळली होती. फोनवर तिला फारसं बोलता यायचं नाही. वहिनींचा भाऊ नाथाजी तिच्या कानाला फोन लावायचा आणि म्हातारी नुसती, मने, कवा येतीस, एवढंच पुन्हा पुन्हा विचारायची. वहिनी येते म्हणायच्या आणि फोन ठेवून नवऱ्याच्या तोंडाकडं बघायच्या.

नवरा म्हणायचा, जाऊ की. टाकी संपू दे, जाऊ. ऊस तुटू दे, जाऊ. जवाहरशेठची यंदा जिरू दे, मग जाऊच. त्या चढाला गाडी घातली की सोळाच्या वर देणार नाही, हा त्याचा ट्रकवाल्याचा हिशेब. मी सांगून बघितलं. अरे दादा, चढाला जाईल ते उताराला काही तरी परत येईल, त्या पोरीनं सांगितलं नव्हतं का? तर म्हणाला, उताराला न्यूट्रल मारतोच की मी, आनी काय परत येनार? ज्या सवयीनं त्याचं नुकसान होत होतं तिलाच तो शहाणपण समजत होता.

बरं, वहिनींना एस.टी.नं जाऊ दे म्हणावं, तर तेही नाही. माझ्याकडं फटफटी, ती त्या चढाला दोघांना ओढत नाही, आणि वहिनींचे गुडघे तसल्या बसण्याचे नव्हेत. पण एस.टी. होती. एकदा त्या पिशवी भरून निघाल्यासुद्धा. कृष्णातनं उंबऱ्यात हात आडवा लावला. मी अंगणात होतो, माझ्यासमोर म्हणाला, "दारात एवढी गाडी आसताना माजी बायकू एष्टीनं म्हायारला ग्येली, तर लोकं काय म्हणतील? तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का मला?"

म्हणजे गाडी न्यायची नाही कारण ॲव्हरेज पडतं, आणि एस.टी.नं जायचं नाही कारण अब्रू पडते. वहिनींनी पिशवी खुंटीला अडकवली. पिशवीत म्हातारीसाठी केलेले रव्याचे लाडू होते, ते पुढं मऊ पडले आणि शेजारच्या पोरांनी खाल्ले.

माघ सरता सरता एका सकाळी नाथाजीचा फोन आला. बयाबाई गेली होती. लेक येईपर्यंत माती थांबवतो म्हणाला.

आता काय कृष्णातचं चालणार नव्हतं, गाडी काढावीच लागली. मी पुढं बसलो, वहिनी मागं. कराडपर्यंतच्या हायवेला गाड्या आमच्या दोन्ही बाजूंनी सुसाट जात होत्या आणि हा उसाच्या ट्रॅक्टरमागं ट्रॅक्टरच्या चालीनं. मी म्हणालो, दादा, पाय दाब जरा, तिकडं माणसं खोळंबलीत. "घाई करून गेल्यालं मानूस माघारी येतंय व्हय?" असं म्हणून त्यानं पाय आणखी हलका केला. मागं वहिनी रडत होत्या. काचा बंद असल्यामुळं ते रडणं गाडीभर ऐकू येत होतं, पण ज्याला ऐकू यायला हवं होतं तो पडद्याकडं बघत होता. पाटण सोडून चढ लागला. इंजिन गुरगुरायला लागलं आणि आकडा एकेक पायरी उतरू लागला. कृष्णातच्या तोंडातून एक लहानसा विव्हळल्यासारखा आवाज आला. माझ्या आयुष्यात मला एवढी घाण कुणाची वाटली नव्हती.

वाडीतल्या लोकांनी खरंच माती थांबवली होती. ऊन कलायला आलं तरी माणसं बसून होती. वहिनींना आईचं तोंड बघायला मिळालं, पण आईला त्यांचं मिळालं नाही, आणि त्या तेच म्हणून रडत होत्या. कृष्णात एका दगडावर डोक्याला हात लावून बसला होता. चेहरा असा की बघणाऱ्याला गलबलून यावं. वाडीतली एक म्हातारी मला म्हणाली, जावायानं लय मनाला लावून घ्येतलंय, असा जावाय मिळाया भाग्य लागतं. मी काय सांगू तिला? मला ठाऊक होतं, आकडा सतरावर आला होता.

वहिनी तेराव्यापर्यंत माहेरीच राहिल्या. आम्ही दोघं त्याच दिवशी परतलो. उताराला लागताच त्यानं न्यूट्रल मारलं आणि ब्रेकचा करपट वास येईपर्यंत गाडी तशीच खाली सोडली. त्या वासालाही तो पेट्रोल वाचल्याचा वास समजला असेल. दुसऱ्या दिवशी जवाहरशेठचा फोन आला. माणूस खरोखर हळहळला. सासूबाई आजारी होत्या तर सांगायचं नाही का, म्हणाले, ती पैज तर मी त्याच आठवड्यात विसरलो होतो. कृष्णातनं मला हे सांगितलं ते जवाहरशेठनी हार मानली म्हणून.

तेराव्याला आम्ही पुन्हा वर गेलो. जेवणं उरकली. परत निघताना नाथाजीही गाडीत बसला, कारण भाड्यानं आणलेली भांडी त्याला पाटणला पोचवायची होती. पातेली-पराती मागं चढवताना कृष्णातनं वजनावरून कुरकूर केलीच. मग त्यानं बटण दाबून चढाचा वाईट आकडा पुसून टाकला आणि गाडी सुरू केली.

पहिल्याच वळणाच्या आधी त्याचा हात न्यूट्रलकडं गेला. नाथाजी मागून म्हणाला, "दाजी, तसं नगा करू. ह्या उताराला आमची दोन मान्सं ग्येल्याती. गेरातच ऱ्हाऊ द्या." मेहुण्याच्या घरचं तेरावं, मागं बायको आणि भांडी. कृष्णातला नाही म्हणता येईना. त्यानं हात मागं घेतला.

आणि पहिल्यांदाच त्याची गाडी त्या मुलीनं सांगितलं होतं तशी उतरली. इंजिन आपोआप बंद झालं. पडद्यावर हिरवे बाण चाकांकडून बॅटरीकडं धावायला लागले, बॅटरी भरत गेली आणि आकडा चढत चढत असा गेला की त्याच्या पुढं जायला पडद्यावर जागा उरली नाही. कृष्णातनं गाडी बाजूला घेऊन फोटो काढला. मग मागं वळला. तोंडावर हसू मावत नव्हतं.

"अगं, ह्ये बघ की. चढाला ग्येल्यालं समदं माघारी मिळतंय. आधी ठावं आसतं तर कवाच आनली आसती तुला."

नाथाजीनं मान खाली घातली. मला वाटलं वहिनी किंचाळतील. त्याला मारतील असंही वाटलं, आणि खरं सांगतो, मारावं असंही वाटलं. कृष्णात हे दुष्टपणानं बोलला असता तर एक वेळ समजलं असतं. तो आनंदानं बोलला होता, बायकोला आनंदाची बातमी द्यावी तसा.

पाटणच्या स्टँडजवळ नाथाजीची भांडी उतरवायला गाडी थांबली, तशा वहिनी पिशवी घेऊन उतरल्या आणि सरळ स्टँडमध्ये चालू लागल्या. कृष्णात काच खाली करून, अगं कुठं, अगं लोकं काय म्हणतील, असं म्हणत राहिला. त्या थांबल्या नाहीत. कराडची एस.टी. लागली होती. मीही उतरलो आणि तिच्यात चढलो.

एस.टी. सुटली. वहिनी खिडकीजवळ, मी शेजारी. मागच्या काचेतून ती पांढरी दांडगी गाडी दिसत होती, एस.टी.च्या काळ्या धुरात, थांब्याथांब्याला थांबत मागं मागं येणारी. कंडक्टर आला. मी पैसे काढायला लागलो तर वहिनींनी माझा हात धरला आणि कनवटीची नोट पुढं केली. बायकांना हल्ली अर्धं तिकीट. कंडक्टरनं मशीनमधून चिठोरं फाडून दिलं आणि वर सुट्टे पैसेही दिले.

वहिनी ते तिकीट हातात धरून बघत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "एवढ्यात जाता येत हुतं की वो, भावजी."

मागं कृष्णात हॉर्न वाजवत होता. त्यांनी सुट्टे पैसे पदराला बांधले आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.