सत्ताविसावी नोंद

चाळीतलं मतदान मी घेतलं. बेचाळीस खोल्या, त्यातली एक बंद, म्हणून एक्केचाळीस मतं. चाळीस होकार, एक नकार. तो नकार माझा होता. त्यासाठी हात मोडला तो शेजारच्या अंकलचा.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, यासाठी मला वीस वर्षं पगार मिळतो आहे. चिंचपोकळीची आमची चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरत होतं. बिल्डरला सगळ्यांची संमती हवी होती. कमिटीत हात वर करून मतदान घ्यायचं म्हणत होते. मी म्हटलं, गुप्त घ्या, नाहीतर लोक शेजाऱ्याच्या हाताकडे बघून हात वर करतील. मग तूच घे, म्हणाले.

मी फोनवर फॉर्म केला. एकच प्रश्न, हो की नाही. नाव नाही, खोली नंबर नाही. रविवारी सकाळी फोन घेऊन दारोदार गेले. माणसाच्या हातात फोन द्यायचा, आपण तोंड फिरवायचं, बटण दाबलं की फोन परत घ्यायचा. तळमजल्यावर नळाच्या टोकापासून सुरुवात, मग पहिला माळा, मग दुसरा. आमच्याकडे गणपतीची वर्गणी याच क्रमाने निघते, टाकी धुण्याची सूचना याच क्रमाने जाते, कोणी गेलं तर निरोपही याच क्रमाने. माझी खोली अठ्ठाविसावी, पहिल्या माळ्याच्या टोकाची. तिथे पोचल्यावर मी माझं मत दिलं. करार मी पूर्ण वाचला होता. ताबा कधी देणार, ती तारीख त्यात कुठेच नव्हती. मी 'नाही' दाबलं आणि पुढे गेले. हे मी कोणाला सांगितलं नाही. मतदान घेणाऱ्या बाईने बाजू घेऊ नये, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे चाळीस घरांचा रोष मला नको होता.

संध्याकाळी सगळा तक्ता कमिटीच्या ग्रुपवर टाकला. पारदर्शकता. एकाखाली एक एक्केचाळीस नोंदी, आल्या त्या क्रमाने.

यादीतून नावं काढून टाकली की माणूस लपतो, असं आमच्या धंद्यात अजूनही शहाणी माणसं मानतात. मी स्वतः दुसऱ्यांच्या कामात ही चूक दहादा दाखवली आहे. घरी मात्र दिसली नाही.

आठवडाभर चाळीत एकच प्रश्न होता. कोण तो? नळावर, जिन्यात, वाण्याकडे. चाळीस जणांना हवं ते एकाने अडवलं की त्या चाळीसांचं काय होतं ते मी पाहिलं. चांगली माणसं होती. आजारपणात डबे देणारी. "सापडू दे, उलटा टांगतो," हे वाक्य मी चाळीतल्या एका शिक्षकाच्या तोंडून ऐकलं, आणि त्याची बायको हसली.

पुढच्या रविवारी मी मोरीत बांगडे साफ करत होते. बाहेर काहीतरी आपटलं. मग अंकलचा आवाज, "अरे मी हो दाबला होता! मला लिफ्ट पायजे रे!"

अंकल सत्तावीस नंबरमध्ये एकटे राहतात. शिलाई मशीन दुरुस्त करतात. चाळीतलं एकमेव ख्रिश्चन घर. गुडघे गेलेले, दिवसातून एकदाच खाली उतरतात. लिफ्टची वाट त्यांच्याइतकी कोणीच बघत नव्हतं.

मी दार उघडलं तेव्हा ते गॅलरीत खाली पडले होते आणि गणपती मंडळाचा कार्यकर्ता त्यांच्यावर वाकला होता. तो कमिटीतही आहे. चाळीतच वाढलेला, मला वहिनी म्हणतो. त्याच्या हातात मांडवाच्या बांबूचा तुकडा होता.

"नाटकं नको करू, म्हाताऱ्या. पंधरा वर्षं वर्गणी काढतोय मी. कुठलं दार कितवं, डोळे मिटून सांगीन. तक्ता वरून मोजला. सत्ताविसावा नकार. सत्तावीस नंबर कोण?"

"मोजायला चुकला असशील. मी हो—"

"तुला काय रे, तुझी वसईला वाडी असेल. आम्ही कुठे जायचं?"

बांबू खाली आला. अंकलनी डोकं वाचवायला उजवा हात वर धरला. मनगटाचा आवाज मी ऐकला. सुकी काटकी मोडते तसा. दुसरा फटका खांद्यावर बसला, तिसरा पाठीवर. गॅलरीभर माणसं उभी होती. कोणीतरी म्हणालं, "डोक्यात नको हां, डोक्यात नको." अडवण्याचं काम एवढंच झालं.

मला तेव्हाच कळलं होतं. सहा नंबरवाले गावी गेले होते. दाराला कुलूप, मत नाही. तिथून पुढे प्रत्येक दार यादीत एकाने वर सरकलं. सत्ताविसावी नोंद अठ्ठाविसाव्या दाराची होती. माझ्या. मोजताना एका आकड्याने चुकणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक, नवशिक्यांना पहिल्या महिन्यात शिकवतात.

मी मध्ये पडले. माशाच्या हातांनी त्याचा शर्ट धरून मागे ओढला, तो सुटेना तेव्हा कोपर मारलं. त्याच्या ओठातून रक्त आलं. "सोड त्यांना," म्हणून ओरडले. आणखी एक वाक्य बोलायचं होतं, मत माझं आहे. ते बोलले नाही.

हॉस्पिटलात अंकलनी सांगितलं, जिन्यात पडलो. मनगटाची दोन हाडं मोडली होती. डॉक्टर म्हणाले, बारीक काम आता कठीण. मी घरी येऊन सासूबाईंना खरं काय ते सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही.

"तू गप रव. हात तेचो मोडलो, तुझो नाय."

"पण मत माझं होतं."

"मगे? तुझोय मोडून घेतलंस तर तेचो बरो होतलो?"

पुढचे दोन दिवस मी कामाला गेले. ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका लाल रंगाने अधोरेखित केल्या.

तिसऱ्या दिवशी कमिटीने अंकलना पटांगणात बोलावलं. गैरसमजातून नकार दिला, आता होकार देतो, असा कागद तयार होता. अंकल प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून एकेक पायरी उतरले. कार्यकर्त्याने पेन पुढे केलं. ओठ अजून सुजलेला होता.

"करा सही अंकल. विषय संपवू. मग मीच तुमच्या औषधपाण्याचं बघतो."

अंकलनी डाव्या हाताने पेन धरलं.

"थांबा," मी म्हटलं. "तू परत मोज."

"काय मोजू, वहिनी?"

"दारं. नळापासून. मोठ्याने."

तो हसला, पण मोजू लागला, बोटं पुढे करून. एक, दोन, तीन. सहावर मी म्हटलं, "गावी गेलेत. सोड." त्याने सोडलं. पुढे त्याचा आवाज हळू होत गेला. सव्वीसपर्यंत आला तेव्हा त्याचं बोट अंकलच्या दारावर होतं. सत्ताविसाव्याला ते माझ्या दारावर गेलं.

"माझं होतं," मी म्हटलं. "आजही नाहीच आहे. करारात ताब्याची तारीख नाही. कोणी वाचलाय?"

तो माझ्याकडे येऊ लागला. पण अंकल जवळ होते. त्यांनी पेन टाकलं आणि डाव्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. कानात शिट्टी वाजली.

"तू दारात उभी होतीस, बाय," ते म्हणाले. "माझ्याकडे बघत होतीस."

मंडळाच्या पोरांनी लगेच अंकलना धरलं, बाईवर हात टाकतो म्हणून. त्यांना धक्काबुक्की व्हायला लागली. मी ओरडून सांगितलं की जो त्यांना हात लावेल त्याचं नाव तक्रारीत घालीन, आणि यावेळी नावं असतील. हात सुटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस स्टेशनला गेलो. टॅक्सीत अंकल पुढे बसले, ड्रायव्हरशेजारी. पूर्ण रस्ता माझ्याशी बोलले नाहीत. मी जबाब दिला. बांबू, तीन फटके, कोण कोण उभं होतं, नकाराचं मत कोणाचं होतं. हवालदारांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, मत तुमचं आहे हे त्याच वेळी का नाही सांगितलंत?"

मी काही बोलायच्या आत त्यांनीच लिहिलं आणि वाचून दाखवलं, "गोंधळामुळे सांगण्याचे राहून गेले."

"ते खोडा," मी म्हटलं. "मला भीती वाटली म्हणून सांगितलं नाही. असं लिहा."

त्यांनी अंकलकडे पाहिलं. अंकल म्हणाले, "लिवा."