खोट्या पोटदुखीतला खरा आजार

नाटकातून निवृत्त झाल्यावर मावशींनी नवंच काम धरलं. वैद्यकीय कॉलेजात त्या खोट्या रुग्ण व्हायच्या. नेमून दिलेलं दुखणं त्या हुबेहूब वठवायच्या आणि शिकाऊ डॉक्टर प्रश्न विचारत विचारत रोग ओळखायला शिकायचे.

एकदा पित्ताच्या खड्यांचं दुखणं घेऊन त्या कण्हत होत्या. समोरच्या मुलीने पोट तपासलं, नाडी धरली आणि ती थबकली.

"मावशी, एवढ्या उकाड्यात स्वेटर?"

"वय झालं गं. थंडी वाजते."

"आणि आवाज कधीपासून बसलाय?"

"जन्मभर रंगमंचावर ओरडले, बसणारच! अगं, हे आजच्या पाठात नाही."

मुलगी मात्र हटेना. "नाडी मंद आहे, कातडी कोरडी पडलीय, चेहराही सुजलाय. एकेकटं पाहिलं तर प्रत्येकाला काहीतरी कारण सापडतं. पण सगळं एकत्र मांडलं की मला थायरॉइडची शंका येते. रक्त तपासून खात्री करूया?"

मावशी कण्हायच्या विसरल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या भूमिकेकडे सगळ्यांनी पाहिलं होतं. या पोरीने त्यांच्याकडे पाहिलं.

रक्ताच्या तपासणीत शंका खरी ठरली. रोजची गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत मावशींच्या अंगात पुन्हा तरतरी आली.

"मी आपला हा आळसच समजत होतो," मावशींचे यजमान, काका ओशाळून म्हणाले.

"तुम्ही नुसतं समजलात. तिने विचारलं," मावशी म्हणाल्या.

काकांनी उठून चहाचं आधण ठेवलं.