समुद्रात गेलेली वस्ती

नकाशा दिसत नाही म्हणून कोणी घाईघाईने आलं, की बाई आधी चष्मा काढायच्या. पदराने सावकाश पुसायच्या, परत लावायच्या आणि विचारायच्या, "दिसून नाही राहिलं, का नाहीच आहे? दोन गोष्टी येगळ्या आहेत."

समोरचा गोंधळायचा. बाईंना तेवढा वेळ पुरायचा.

आमचा नकाशा कक्ष म्हणजे मध्य प्रदेशात, पांढुर्ण्यातल्या एका सरकारी इमारतीच्या मागची खोली. जिल्हा नवा, ऑफिसं नवी, खुर्च्या मात्र जुन्या. पाणी योजनेसाठी गावोगावची घरं, विहिरी, रस्ते इंटरनेटवरच्या एका नकाशावर चढवायचे, हे आमचं काम. त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा थर वेगळा. आम्ही त्याला लेयर म्हणायचो. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच समजा: एकावर नद्या, एकावर रस्ते, एकावर घरं. त्यातला एखादा कागद अचानक दिसेनासा झाला, की फोन बाईंकडे यायचा.

बाई मूळच्या लोधीखेड्याच्या. ट्रेसर म्हणून नोकरीला लागल्या तेव्हा कापडावर शाईने नकाशे उतरवायच्या. कंप्युटर आला तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी हात वर केले. बाई शिकल्या. कसं जमलं विचारलं तर म्हणायच्या, "कापडावर चूक झाली का ब्लेडनं खरवडा लागे. इथं पुसता येते. मले तर आवडलं बाप्पा."

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यामुळे सगळं चालतं आणि ज्याचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं. बाईंचं तसंच होतं. एकदा एक इंजिनिअर आले, नाले गायब झाले म्हणून. बाई म्हणाल्या, "साहेब, तुम्ही पुरा जिल्हा एका पडद्यावर पाहून राहिले. एवढ्या दुरून नाला कसा दिसंन? जवळ या." इंजिनिअरांनी नकाशा मोठा केला आणि नाले उगवले. दुसऱ्या एकाला सुधारलेला रस्ता दिसेना. त्याच्या कंप्युटरने कालचंच चित्र साठवून ठेवलं होतं. बाई म्हणाल्या, "शिळं वाढून राहिला तो तुम्हाले. साठवलेलं पुसा, ताजं मागा." संत्र्याच्या बगिच्यांचा हिरवा रंग घरांवर चढला, तर तो उचलून खाली ठेवायला लावायच्या. कोणाला अडाणी म्हणायच्या नाहीत. कोणाच्या हातातला माउसही घ्यायच्या नाहीत. मागे हात बांधून उभ्या राहायच्या आणि त्याच्याचकडून करून घ्यायच्या.

मी तेव्हा कंत्राटावर सर्व्हे करत होते. पांढुर्ण्याच्या बाजूला नाल्यापलीकडे एक वस्ती आहे. तिथे मी दोन दिवस दारोदार हिंडले. एकेका घरापुढे उभं राहून मोबाईलवर ठिकाण नोंदवलं. एक्केचाळीस घरं झाली. फाईल ऑफिसात दिली आणि पुढच्या गावाला लागले.

पंधरा दिवसांनी बैठक होती. कोणत्या वस्तीला पाइपलाइन न्यायची, त्याची यादी त्या दिवशी पक्की होणार होती आणि ती नकाशावरूनच होणार होती. मोठे साहेब पडद्याकडे बघत होते. नाल्यापलीकडे नुसतं पिवळं रान दिसत होतं.

"यहाँ तो एक भी घर नहीं है," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ये लड़की गई भी थी?"

मी गेले होते, एवढंच म्हणता आलं. माझ्या कंत्राटदाराने मान खाली घातली होती, त्यावरून उद्यापासून माझं काम गेलं, हे कळत होतं. घरं नसतील तर वस्ती यादीतून जाणार, हेही तिथे बसलेल्या सगळ्यांना कळत होतं.

मागच्या रांगेतून बाई उठल्या. चष्मा पुसायला थांबल्या नाहीत.

"ते गेली होती साहेब. त्या दिवशी इथं आली तं चपलेले बोट बोट काळी माती होती. मीच भाईर काढाले लावल्या. पाच मिनिटं द्या."

त्या कंप्युटरपाशी गेल्या. घरांच्या लेयरवर टिचकी मारली आणि "लेयर जिथे आहे तिथे जा" असं सांगणारं बटण दाबलं. पडदा सरकायला लागला. जिल्हा मागे पडला, खानदेश गेला, गुजरात आला आणि सगळा पडदा निळा झाला. त्या निळ्यात एक्केचाळीस लाल ठिपके होते.

खंबातचं आखात. वस्ती समुद्रात होती.

कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही, कारण मला ते ठिपके ओळखू येत होते. घरांच्या दोन रांगा, टोकाला विहिरीभोवतीचा घोळका, वळणावरचं एकटं घर. मी चाललेली वाट तशीच्या तशी पाण्यावर मांडलेली होती.

बाईंनी साहेबांना समजावलं. जमीन गोल, नकाशा सपाट, म्हणून पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात आणि मोजणी प्रत्येक पट्ट्याची वेगळी. "आपण चव्वेचाळीसच्या पट्ट्यात येतो. फाईल चढवतानी त्रेचाळीस टाकला गेला. मंग घरं एक पट्टा पश्चिमेले गेली." त्यांनी आकडा बदलला. ठिपके समुद्रातून नाहीसे झाले आणि नाल्यापलीकडच्या पिवळ्या रानात येऊन बसले.

"किसने चढ़ाई थी फ़ाइल?" साहेबांनी विचारलं.

"मीच," बाई म्हणाल्या. "माह्या हातची चूक आहे. या पोरीची नाही."

इतक्या वर्षांत बाईंची चूक कोणी पाहिली नव्हती, आणि पहिली दिसली ती त्यांनीच दाखवली. साहेबांनी पुढचं गाव काढायला सांगितलं. वस्ती यादीत राहिली. मीही राहिले.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "मले एकडाव तिथं ने. जिंदगीभर नकाशे काढले, गावं कमीच पाह्यली."

रविवारी माझ्या स्कूटीवरून गेलो. बाईंनी घरांची यादी कागदावर छापून आणली होती. एकेका दारासमोर थांबून त्या पेनाने खूण करत होत्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोण व्हय बाई तुम्ही?"

"मी नकाशावाली. तुमचं घर हरवलं होतं, सापडलं का पाहाले आली."

म्हाताऱ्याने मागे वळून घराकडे पाहिलं. "इथंच तं आहे," तो म्हणाला.

शेवटच्या घरापाशी पोचलो तेव्हा बाई थांबल्या. कपाशीच्या पलीकडे, संत्र्याच्या झाडांमागून धूर निघत होता. "तिकडं कोण राहते?"

तिकडे एक बाई एकटीच राहत होती. चुलीपुढे बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, "सर्व्हेवाली आलती म्हणतात. माह्या इथं तं कोणी नाही आलं."

माझे कान तापले. भरल्या बैठकीत मी 'गेले होते' असं म्हटलं होतं, आणि हे घर मी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी ऊन होतं, शेत आडवं होतं, एवढंच.

"बाई, मी..." मी सुरू केलं.

"माह्यानं एक्केचाळीस घरं समुद्रात गेली," त्या हळूच म्हणाल्या. "तुह्यानं एक राहिलं. मोबाईल काढ, घाल."

मी बेचाळीसावं घर घातलं. त्या घरची बाई चहा करते म्हणाली. बाईंनी तो अंगणात बसून बशीत ओतून घेतला, आणि तिचं नाव दोनदा विचारून नीट लिहून घेतलं.

पुढच्या वर्षी बाई रिटायर झाल्या, त्यांचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या सौंसरला बहिणीकडे राहायला गेल्या. अधूनमधून त्यांचा आवाजी निरोप यायचा. आमचा नकाशा मोबाईलवर कोणालाही पाहता यायचा, आणि त्या पाहायच्या. "तळ्याचा निळा रंग रस्त्यावर येऊन राहिला पोरी, खाली घे त्याले." मी तो खाली घेतला. घेतला म्हणून सांगायचं मात्र राहून गेलं. आठ दिवसांनी त्यांच्या बहिणीचा फोन आला. झोपेतच गेल्या, म्हणाली.

वस्तीत नळ आले ते त्यानंतरच्या उन्हाळ्यात. बेचाळीसाव्या घराच्या नळाचा फोटो काढायला मीच गेले. पाणी आलं, फोटो निघाला, मोबाईलवरचा फॉर्म उघडला. शेवटच्या ओळीत विचारलं होतं: नोंद कोणी तपासली? नाव टाइप करता येत नव्हतं, कर्मचाऱ्यांच्या यादीतून निवडायचं होतं. मी यादी खालपर्यंत नेली, परत वर आणली, पुन्हा एकदा खाली नेली. त्यांचं नाव काढलेलं होतं.

नळाखालचा हंडा भरून वाहायला लागला तेव्हा त्या घरची बाई म्हणाली, "झालं का वं?"

मी माझ्या नावावर बोट ठेवलं.