ऐकून घेणारे सर

“चालतो मॅडम. सायब यायच्या आधी घर उघडा लागते.” पाच वाजले की सर सायकल काढत हेच म्हणायचे. मुर्रीच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवत. सायब म्हणजे त्यांची बायको, गोंदियाला पोलिसात हवालदार. आम्ही हसायचो, तेही हसायचे.

घरी जाऊन ते पाणी तापवत. वहिनी आल्या की काही विचारायचं नाही, न्हाणीचं दार वाजवायचं नाही. एकदा मी म्हटलं, “एवढा वेळ काय करतात हो?”

“धुऊन राहते,” सर म्हणाले. “काय ते मले सांगत नाही.”

शिक्षकांच्या खिशात मोबाइल नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. त्या उन्हाळ्यात एका नाल्यात आठेक वर्षांच्या मुलीचं प्रेत सापडलं. दवाखान्यात त्याच्याजवळ वहिनींना बसवलं होतं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पुन्हा ड्युटी.

त्यांची स्वतःची मुलगी आमच्याच शाळेत चौथीत होती. तिचं बाहेर खेळणं बंद झालं. मैत्रिणीकडे नाही, दुकानात नाही. मधल्या सुट्टीतही सरांचा फोन वाजायचा, वहिनी विचारायच्या, “दिसते का?” हातातला घास तसाच धरून सर खिडकीशी जायचे. “दिसते.” दिवसातून चारदा. “सर, हजेरी झाली का?” असं आम्ही चिडवायचो. आता लाज वाटते.

हिवाळ्यात नागझिऱ्याची सहल निघाली. सरांनी घरी न सांगता मुलीचं नाव दिलं. सकाळी बस सुटणार, तेवढ्यात वहिनी वर्दीतच स्कूटी घेऊन आल्या. बसमध्ये चढल्या आणि दंड धरून मुलीला खाली ओढलं. पोर ओरडायला लागली.

“सोड तिले,” सर म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. “आपली पोरगी होय ते. केस नोहे.”

“तुमी पायलं नाही! मी पायलं!”

“मंग सांग न! काऊन नाही सांगत मले?”

वहिनी शाळेच्या पायरीवर खाली बसल्या. सर शेजारी बसले. मी मुलीला कुशीत घेऊन बसमध्ये थांबले. पायरीवर वहिनी बोलत होत्या, सर मान खाली घालून ऐकत होते. अर्ध्या तासाने ते बसच्या दाराशी आले. चेहरा पार उतरलेला. “जा घेऊन. हात सोडू नका तिचा.”

मग वहिनी रोज सांगू लागल्या. फोन कमी झाले, मुलगी अंगणात दिसू लागली. सर मात्र फळ्यावर हातचा विसरायचे आणि मुलं त्यांना सुधारायची. डबा न उघडताच परत जायचा.

“थे आता जेवते मॅडम,” एकदा म्हणाले. “माह्यानं जेवण जात नाही. पण आयकून राहिलो. दुसरं काय येते मले?”

दोन वर्षांनी वहिनींनी दूरच्या तालुक्यात ऑफिसचं काम मागून घेतलं. सरांनीही तिकडे बदली घेतली. निरोपाच्या दिवशी दोघं पहिल्या रांगेत बसले होते. मुख्याध्यापक सरांचे गुण सांगत होते आणि सर खुर्चीतच गाढ झोपले. मुलं खुदखुदली.

भाषण संपलं, टाळ्यांसाठी आमचे हात वर झाले. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. “राहू द्या,” त्या हळूच म्हणाल्या.

आम्ही चपला हातात घेऊन एकेक करून बाहेर पडलो.