गच्चीवरची गार खोली

वडील गेल्यावर दादा म्हणाला, "खाली आम्हालाच जागा पुरत नाही. गच्चीवरची खोली तू घे." मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. लग्न केलं नव्हतं, आणि विद्यानगरच्या त्या घराशिवाय हैदराबादेत मला दुसरं घर नव्हतं. खोली म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. एप्रिलच्या दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा.

"एसी लावा आणि मोकळ्या व्हा," वहिनी म्हणाली. मला ते नको होतं. इतकी वर्षं मुलांना पर्यावरण शिकवलं, ते निदान स्वतःच्या छपरापुरतं तरी करून पाहावं असं वाटलं.

गौलीगुड्यातला एक म्हातारा मिस्त्री मिळाला. खोलीत उभा राहून त्याने वर पाहिलं. "मशीन नक्को अम्मा," तो म्हणाला, "गरम हवा को जाने का रस्ता देव." पत्र्याखाली आम्ही नारळाच्या काथ्याचे जाड तक्ते बसवले, वरून पांढऱ्या चुन्याचे तीन हात दिले. छपरालगत समोरासमोर दोन झरोके पाडले. पश्चिमेच्या खिडकीपुढे मोठ्या कुंड्यांत बांबू रोवून घोसाळ्याचा वेल चढवला. पंखा आणि दिवा सौर पॅनेलवर चालायचे. दादा वर येऊन बघायचा, हसायचा आणि खाली जायचा.

पुढच्या उन्हाळ्यात खाली वीज गेली की सगळं घर वर यायचं. वहिनी माझ्याच खाटेवर दुपारची झोप काढायची. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

उन्हाळा संपायच्या आतच दादाने विषय काढला. पुतण्या कंपनीचं काम घरून करायचा. "आत्या, खाली मला फोकसच होत नाही," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. दादा म्हणाला, "तुझेही गुडघे दुखतात. जिना कशाला चढतेस?" माझे गुडघे दुखतात हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं. मी भांडले नाही. वर्गात साठ पोरांना गप्प बसवणारी मी, घरात माझा आवाज कधी फुटलाच नाही. स्वयंपाकघरामागच्या कोंदट खोलीत माझी खाट लागली.

पुतण्याने आठवड्याच्या आत एसी बसवला. गार हवा बाहेर जाते म्हणून झरोके थर्माकोलने बुजवले. खोलीत अंधार होतो म्हणून वेल तोडला. मी पाहिला तेव्हा तो फाटकाशी कचऱ्यात पडला होता. कोवळी घोसाळी अजून लटकत होती. मी ती तोडून घेतली आणि त्यांची भाजी केली. सगळ्यांनी खाल्ली.

दिवाळीत पुण्याचे नातेवाईक आले. दादा त्यांना वर घेऊन गेला. मी चहा घेऊन पोचले तेव्हा एसी घरघरत होता आणि दादा सांगत होता, "सगळं पर्यावरणपूरक आहे. आम्ही खूप विचार करून बनवून घेतलं."

"ही खोली मी केली," मी म्हणाले.

दादा खिडकीबाहेर बघू लागला. वहिनीने माझ्या हातातून ट्रे घेतला. "चहा घ्या ना," ती त्यांना म्हणाली, "निवतोय."

तेव्हापासून दादा माझ्याशी कामापुरतंच बोलतो. पाहुण्यांदेखत मी त्याला खोटं पाडलं, असं त्याचं म्हणणं आहे.