सहा राष्ट्रगीते आणि एक ट्रम्पेट

पायांत पादत्राणे असताना मी राष्ट्रगीताला उभा राहत नाही. असा नियम कोणत्याही शास्त्रात नाही; तो माझा मीच केला आहे. आधी वहाणा काढून एका बाजूला जोडून ठेवायच्या, उपरणे सारखे करायचे, मग उभे राहायचे. गीत संपले की डोळे मिटून मातृभूमीला नमस्कार करायचा आणि नंतरच हलायचे. निपाणीच्या शाळेत मी संस्कृत शिकवले, त्या साऱ्या वर्षांत याचा कोणाला उपद्रव झाला नाही. (तेथे असा प्रसंग वर्षातून दोनतीनदाच येई!)

यंदा पंधरा ऑगस्टला मात्र आम्ही उभयता कर्नाटकाच्या राजधानीत, म्हणजे बंगळूरला, चिरंजीवांकडे होतो. निमित्त नातीचे. गार्गी शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते आणि ध्वज फडकला की राष्ट्रगीताची धून तिच्याच बँडने वाजवायची होती. त्यातला एक वरचा सूर तिच्याकडून हटकून फाटत असे.

"आजोबा, तुम्ही पहिल्या रांगेत बसा," तिने आदल्या दिवशी बजावले. "तुम्ही समोर दिसलात ना, की माझा सूर फाटणार नाही. बाबा नुसते मोबाइल धरून उभे असतात."

मी शब्द दिला. नऊला ध्वजवंदन, नंतर सर्वांनी फुलांचे प्रदर्शन पाहायचे आणि तेथेच बागेत सौ.च्या तिखटमिठाच्या पुऱ्या खायच्या, असा बेत ठरला.

सकाळी चिरंजीव गार्गीला घेऊन पुढे गेले. आठ वाजता आमच्यासाठी रिक्षा आली. अंतर जेमतेम अर्ध्या तासाचे.

पहिल्याच वळणावर एका सोसायटीच्या फाटकातून राष्ट्रगीत सुरू झाले.

"थांबवा!" मी म्हणालो. उतरलो, वहाणा काढल्या, उभा राहिलो. रिक्षावालाही आदराने उतरला. मला फार बरे वाटले.

पुढे एका शाळेत ध्वनिमुद्रित गीत चालू होते. ते मध्येच अडकले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

"आता बसा की!" सौ. रिक्षातून म्हणाली.

"अर्धे झालेले तेही राष्ट्रगीतच, आणि हेही राष्ट्रगीतच," मी शांतपणे समजावले आणि दुसऱ्यांदा उपरणे सारखे केले.

चौथे एका रिक्षा थांब्यावर झाले. तेथे आमच्या रिक्षावाल्याचे सारे स्नेही निघाले! त्यांनी पेढे दिले, माझ्या पाया पडले, आशीर्वाद मागितले. (आशीर्वाद घाईने देऊ नये.) पाचव्याच्या वेळी एका सभागृहाबाहेर काही मुले गात होती.

"अहो, तालीम करालीत ती पोरं! खरं न्हवं ते!"

"तालमीतला मंत्र हाही मंत्रच."

"व्हय, आणि तिकडं गार्गी वाट बघालीया, ती काय मंत्र म्हणून?"

गीत संपले. मी नमस्कारासाठी डोळे मिटले, तोच सौ.ने दंड धरून मला रिक्षात ओढले. "अज्जा, बेग बेग!" अशी कानडीत घाई करत रिक्षावाल्याने गाडी सोडली.

सहावे एका चहाच्या दुकानातील दूरदर्शन संचावर लागले होते. एव्हाना रिक्षावाला मी काही बोलण्यापूर्वीच इंजिन बंद करू लागला होता. मी उतरलो, वहाणा काढायला वाकलो, तर पायांत वहाणाच नव्हत्या! त्या तालमीच्या जागी जोडून ठेवलेल्या तशाच राहिल्या होत्या. (तेवढा वेळ वाचला.)

शाळेत पोहोचलो तेव्हा मुले लाडू खात होती आणि शिपाई खुर्च्या एकात एक घालून ठेवत होता. पहिली रांग केव्हाच उचलली गेली होती.

"झालं समाधान?" सौ. म्हणाली. "अख्ख्या बंगळूरचं राष्ट्रगीत ऐकलासा. नातीचं तेवढं ऱ्हायलं!"

गार्गी ट्रम्पेट काखेत धरून आली. मला विचारवत नव्हते, तरी विचारले, "सूर?"

"फाटला," ती म्हणाली. "रिकाम्या खुर्चीकडे बघून किती वेळ वाजवणार?"

आयुष्यभर मुलांना वक्तशीरपणा शिकवणारा मी खाली पाहू लागलो. तिनेही खाली पाहिले.

"आजोबा, तुमच्या चपला कुठायत?"

सौ.ने सहाही राष्ट्रगीतांचा वृत्तांत सांगितला. गार्गीला इतके हसू आले, की तिने ट्रम्पेट आजीच्या हाती दिले.

"अण्णा, वाईट वाटून घेऊ नका," चिरंजीव म्हणाले. "मी रेकॉर्ड केलंय. बसा या खुर्चीवर, निवांत ऐका."

त्यांनी मोबाइल सुरू केला आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. सूर फाटला होता खरा. पण मी डोळे मिटून नमस्कार केला आणि गार्गीला सांगितले, की आज ऐकलेल्या सातांमध्ये हेच सर्वोत्तम.

"मग परत ऐका!" ती म्हणाली.

ही शिक्षा आहे हे मला बागेत कळले. मी बाकावर बसून पुरी तोंडाशी नेली की ती बटण दाबी. चिरंजीवांच्या उसन्या, दोन बोटे मोठ्या चपला मी त्या दुपारी चार वेळा काढल्या आणि चार वेळा घातल्या.

ते ध्वनिमुद्रण आता निपाणीत सौ.च्या मोबाइलवर आहे. जेवून मी आरामखुर्चीत टेकतो, गिरणीवरून दळण आणायचे राहिलेले असते. पूर्वी ती तीनतीनदा हाक मारी. हल्ली हाक मारत नाही. शांतपणे मोबाइल हातात घेते.

"बसा की हो," ती म्हणते. "उठा म्हणून कोण म्हणालंय?"