पाटकरी आणि नवा मोड

काही माणसं निर्णय घेण्यासाठीच जन्माला येतात. आमचे पाटकरी त्यांतले नव्हते. चहात साखर घालू का, असं विचारलं तर ते सांगायचे, "आधी त्या ताईंच्या कपात घाला. त्या पिऊन बघतील, मग माझ्यात." त्या ताई म्हणजे मी. चार वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले आणि त्यांच्या आधी चहा प्याले.

आमचं ऑफिस साताऱ्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर होतं. त्यांचे वडील कालव्यावर पाटकरी, म्हणजे पाळीप्रमाणे शेतांना पाणी सोडणारे. म्हणून यांनाही आम्ही पाटकरीच म्हणायचो. त्यांनी कामही तसलंच केलं होतं. सांगलीकडच्या एका पाणीसंस्थेचं ॲप त्यांनी एकट्याने लिहिलं होतं. कुणाच्या शेताला कधी पाणी आणि किती तास, हे ते ॲप ठरवायचं आणि तसा निरोप शेतकऱ्याच्या फोनवर जायचा. चार गावं त्या निरोपावर दारं धरायची, म्हणजे आपापल्या शेतात पाणी वळवून घ्यायची.

ते ॲप ज्या प्लॅटफॉर्मवर उभं होतं, तिथे एक सेटिंग होतं: ॲपमधली जावास्क्रिप्ट कुठल्या मोडमध्ये चालवायची? यादीत तीन पर्याय. जुना, मधला आणि नवा. मधला कुणीच निवडत नसे. मी नवीन असताना पाटकऱ्यांना फरक विचारला, तर ते म्हणाले, "जुना मोड म्हंजी गावजेवण. न बोलावता बसला तरी पत्रावळ मिळती. नवा मोड दारातच पत्रिका बघतो." मी पुढे बरीच पुस्तकं वाचली, पण यापेक्षा जास्त काही कळलं नाही. कोडमध्ये आधी जाहीर न केलेलं नाव वापरलं, तर जुना मोड ते सांभाळून घेतो आणि नवा मोड काम थांबवतो. पाटकऱ्यांच्या मुख्य स्क्रिप्टमध्ये असे न बोलावलेले पाहुणे चाळीसेक होते. अकरा वर्षं ते सुखाने जेवत होते.

आमच्या साहेबांना नव्या मोडमध्ये एकविसावं शतक दिसलं. ते शतक बरंच आधी सुरू झालं होतं, पण साहेबांनी त्याचं उद्घाटन केलेलं नव्हतं. त्यांनी मुहूर्त काढला, पाणीसंस्थेच्या अध्यक्षांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं आणि जिन्यात बॅनर लावला: 'मोड परिवर्तन सोहळा'.

पाटकरी आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता केबिनमध्ये गेले.

"आवं साहेब, पंधरा दिवस द्या. ॲपची नक्कल काढतो, तिच्यावर नवा मोड लावून बघतो. चालली तर खऱ्याला लावू."

"पाटकरी, बॅनर छापून झालाय."

"व्हय, पर परवा सकाळी सहाला पाळी बदलती. स्क्रिप्ट थांबली तर निरोप जायचा न्हाई. वरचा म्हणंल माझी पाळी, खालचा म्हणंल माझी. कुदळी निघतील."

"तुम्ही फार निगेटिव्ह बोलता बुवा. अध्यक्ष उद्या सकाळी उंब्रजहून निघतायत, त्यांना काय सांगू? नक्कल काढतोय म्हणून?"

पाटकरी बाहेर आले आणि आपल्या खुर्चीत बसले. मग मला म्हणाले, "ताई, दोन माणसं पाण्यावरनं मेलेली मी लहानपणी बघितल्यात. मोडवरनं कोण मेल्यालं ऐकलं न्हाई अजून."

सोहळा झाला. माउसला हळद-कुंकू लागलं. मॉनिटरला वरून झेंडूचा हार घातला. नारळ सीपीयूवर फोडायचा होता, तो मी विनंती करून जिन्यात फोडायला लावला. मुहूर्त अकरा वाजून सात मिनिटांचा. अध्यक्षांनी भाषण सुरू केलं ते ताम्रपटापासून, आणि जावास्क्रिप्टपर्यंत पोचायला त्यांना सव्वा तास लागला. मग त्यांनी माउस हातात घेतला, यादीतून 'नवा' निवडला आणि 'जतन करा' दाबलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

हाराच्या फुलांमागून एक पिवळी पट्टी डोकावत होती. मी वाकून वाचली: 'आपलं सत्र संपलं आहे. कृपया पुन्हा लॉग इन करा.' सव्वा तास कुणी हात न लावल्यामुळे प्लॅटफॉर्मने आम्हाला कधीच बाहेर काढलं होतं. काहीही जतन झालेलं नव्हतं.

मी पाटकऱ्यांकडे पाहिलं. त्यांनीही ते वाचलं होतं. ते शांतपणे पुढे झाले आणि हार चार बोटं खाली ओढून सारखा केला. पट्टी पूर्ण झाकली गेली.

"झालं ना पाटकरी?" साहेबांनी विचारलं.

"तुमचं झालं साहेब. आता जरा आमचं ऱ्हायलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जुन्या मोडने चारही गावांना बिनबोभाट निरोप पाठवले. साहेबांनी अध्यक्षांना फोन करून नव्या मोडचा वेग किती जाणवतोय ते सांगितलं. अध्यक्षांनाही तो जाणवत होता.

पुढचे पंधरा दिवस पाटकऱ्यांनी नकलेवर काढले. न बोलावलेल्या पाहुण्यांना एकेक करून पत्रिका दिली. दोघांची ओळख त्यांनाही पटली नाही, त्यांना उठवलं. सोळाव्या दिवशी दुपारी डबा खाल्ला, हात धुतले आणि खऱ्या ॲपला नवा मोड लावला. "जतन झालं का बघा हो ताई," एवढंच म्हणाले. झालं होतं. साहेब तेव्हा वाईला लग्नात होते.

वर्षभराने पाटकरी निवृत्त झाले. मी अजून कुठलाही बदल आधी नकलेवर करून बघते, आणि चहा मात्र बिनसाखरेचा घेते. माझ्या आधी प्यायला कुणी नाही.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी त्यांना 'जलदूत' म्हणून शाल घातली आणि फलटणच्या पलीकडच्या पाटकऱ्यांच्या गावासाठीही टाळ्या मागितल्या. त्या गावाला पाण्याचा टँकर येतो, एक दिवसाआड.